बाल्टिमोरचा बिनचढाचा किल्ला

"बाबा, उद्या किल्ला बघायला जाऊ," असं जावईबापू म्हणाले आणि हिने लगेच पर्समध्ये बाम टाकला. साताऱ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. किल्ला म्हटलं की आम्हाला इतिहासाच्या आधी गुडघे आठवतात.

बाम लागलाच नाही. गाडी लावली, हिरवळीवरून पाच मिनिटं चाललो, तर किल्ला आलाच. चढ नाही, पायऱ्या नाहीत, वाटेत ताक विकणारी मावशी तर नाहीच नाही. विटांचा, बुटका, पाच टोकांच्या चांदणीसारखा, तिन्ही बाजूंनी खाडीचं पाणी. मी नातवाला म्हटलं, "हा किल्ला? अरे, याला आपल्याकडे चौकी म्हणतील." जावयांनी शांतपणे समजावलं की तोफांच्या काळात उंच तट म्हणजे आयतं लक्ष्य, म्हणून असे बुटके तट बांधत. मला ते पटलं, पण पटल्याचं मी दाखवलं नाही.

याचं नाव फोर्ट मॅकहेन्री. मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर बंदराच्या तोंडाशी. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं ढिगाने आहेत, पण सरकारी नावातच 'ऐतिहासिक तीर्थस्थान' असलेलं हे एकच. तीर्थ कशाचं? एका गाण्याचं.

गोष्ट १८१४ ची. इंग्रजांशी युद्ध चालू होतं. ऑगस्टच्या २४ तारखेला इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून संसदेची इमारत आणि राष्ट्राध्यक्षांचं घर जाळलं. पुढचा मोहरा बाल्टिमोर. १३ सप्टेंबरच्या सकाळपासून जवळजवळ पंचवीस तास या किल्ल्यावर दीड हजारांहून जास्त तोफगोळे डागले गेले. एक गोळा तर दारूकोठाराचं छप्पर फोडून आत आला आणि फुटलाच नाही. तो फुटला असता तर हा लेख लिहायला विषय उरला नसता. किल्ल्यातली चार माणसं गेली, वीसेक जखमी झाली, आणि एवढं करून इंग्रज परत फिरले.

फ्रान्सिस स्कॉट की नावाचा पस्तिशीतला वकील कैद झालेल्या एका डॉक्टरांना सोडवायला इंग्रजांकडे गेला होता. सुटका मान्य झाली, पण लढाई संपेपर्यंत त्याला समुद्रावरच थांबवून ठेवलं. रात्रभर तो गलबतावरून आगीचा खेळ बघत राहिला आणि पहाटे किल्ल्यावर झेंडा दिसला तेव्हा कविता लिहायला लागला. ती कविता म्हणजे आजचं अमेरिकेचं राष्ट्रगीत. चाल मात्र त्याची नाही. लंडनच्या एका संगीतप्रेमी मंडळाचं, मद्य आणि प्रेमाची तारीफ करणारं गाणं होतं, त्याच्या चालीवर हे बसवलं. मला यात काही वावगं वाटत नाही. आपल्या संगीत नाटकवाल्यांनीही कानडी पदांच्या चाली उचलून मराठी पदं बेतली, आणि ती आपण डोळे मिटून ऐकतोच की.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आत शिरताना एक छोटा सिनेमा दाखवतात. मला असे सरकारी माहितीपट आवडत नाहीत. तीस वर्षं शाळेत शिकवताना असे शंभर माहितीपट मुलांना दाखवलेत आणि त्यातल्या ऐंशींत मी स्वतः झोपलोय. थंडगार अंधारात बसलो. गोळे, धूर, पाऊस, वकील, पहाट. मग गाणं सुरू झालं आणि मी मनात म्हटलं, झालं, संपत आलं. तेवढ्यात पडदा वर गेला.

सिनेमाचा पडदा खरोखरच वर सरकला. मागे भिंत नव्हती, नुसती काच होती. काचेपलीकडे दुपारचं झगझगीत ऊन, हिरवळ, तो बुटका किल्ला आणि त्यावर फडफडणारा खरा झेंडा. सिनेमातला झेंडा जिथे संपला तिथेच बाहेरचा सुरू झाला. गाणं चालूच. सगळं सभागृह उभं राहिलं. माझ्या पुढच्या रांगेत एक तरुण बाप होता, एका हातावर झोपलेलं बाळ, दुसरा हात छातीवर. मीही उभा राहिलो. कोणाचं राष्ट्रगीत, कोणाचा झेंडा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी.

बाहेर आल्यावर मला राग आला. स्वतःचाच. शाळेच्या गॅदरिंगला मीच पडदा ओढणारा माणूस. कुठल्या क्षणी पडदा उघडला की आयांच्या डोळ्यांना पदर लागतो हे मला पाठ आहे. तीच युक्ती माझ्यावर चालली. ही युक्ती करणारा कोण असेल तो असो, त्याला आमच्या शाळेत नेमायला हवं होतं. जावई म्हणाले, "बाबा, हे लोक इतिहाससुद्धा शोसारखा बसवतात." बोलणं बरोबर होतं, पण ते ऐकताना मी चष्मा पुसत होतो.

नंतर रेंजरबाईंनी हाका मारून सगळ्यांना मैदानात उभं केलं. त्या दिवशी वारा बेताचा होता म्हणून मोठा झेंडा लावला होता. तो उतरवून घडी घालायला माणसं हवी होती. तीस फूट रुंद, बेचाळीस फूट लांब. आम्ही तीस-चाळीस जण समोरासमोर दोन रांगांत उभे, हात पुढे, आणि ते प्रचंड कापड वरून हळूहळू आमच्या हातांवर उतरलं. जमिनीला लागू द्यायचं नाही, एवढीच सूचना. माझ्या एका बाजूला टेक्ससहून आलेलं जोडपं, दुसऱ्या बाजूला बुरखा घातलेली मुलगी, समोर आमची ही, पदर खोचून. पापड वाळत घालताना चादर धरतात तसा तिने झेंडा धरला होता. लग्नातला अंतरपाट यापेक्षा फार वेगळा नसतो, असं वाटून मला हसू आलं.

मूळ झेंडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तो आम्ही आदल्या आठवड्यात पाहिला होता. वॉशिंग्टनचे ते तीन दिवस म्हणजे संग्रहालयं, पायदुखी आणि सॅलड, जास्त सांगण्यासारखं काही नाही. झेंडा मात्र लक्षात राहिला: मिणमिणत्या उजेडात, एखाद्या आजारी माणसासारखा आडवा ठेवलेला. किल्लेदार मेजर आर्मिस्टेडच्या घराण्याने तो कित्येक वर्षं सांभाळला आणि त्या काळात येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुकडे कापून भेट दिले. बेचाळीस फुटांतले चौतीस उरलेत, एक चांदणी कायमची गेली. प्रसाद वाटावा तसा झेंडा वाटला! आपल्याकडे कोणी असं केलं तर घरावर मोर्चा येईल.

हा झेंडा शिवला मेरी पिकर्सगिल या बाईंनी, लेकीला आणि भाच्यांना हाताशी धरून. त्या घरात ग्रेस विशर नावाची एक काळी मुलगीही कराराने बांधलेली होती, जेमतेम तेरा वर्षांची. स्वातंत्र्याचा झेंडा शिवणाऱ्या हातांत तिचेही हात होते. गाणं लिहिणाऱ्या की साहेबांच्या घरी गुलाम होते. त्या युद्धात हजारो गुलाम पळून इंग्रजांकडे गेले, काही जण लाल कोट घालून आपल्या जुन्या मालकांविरुद्ध लढलेही, आणि गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात 'भाडोत्री आणि गुलाम' यांना कुठेच आसरा मिळणार नाही अशी ओळ आहे. ते कडवं आता कोणी म्हणत नाही. नियतीचा खेळ असा की १८६१ मध्ये, उत्तर-दक्षिण युद्ध पेटल्यावर, सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या एका संपादकाला पकडून याच किल्ल्यात डांबलं. तो या की साहेबांचा सख्खा नातू. तारीख १३ सप्टेंबर. आजोबांनी झेंड्याकडे डोळे लावून काढलेल्या रात्रीला बरोबर सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

माझ्यातला मास्तर एका शब्दाशी अडला होता. गाण्यात 'रॉकेट' येतं. १८१४ मध्ये रॉकेट कुठून? तर इंग्रजांच्या काँग्रीव्ह रॉकेटांबद्दल ती ओळ आहे, आणि काँग्रीव्हने ती बनवली म्हैसूरच्या रॉकेटांवरून. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूची रॉकेटं इंग्रजांनी विलायतेला नेली होती. इथून काही तासांवर वॉलप्स इथे नासाचं केंद्र आहे, तिथे टिपूच्या सैन्याची रॉकेटं दाखवणारं चित्र पाहिल्याचं कलामांनी आत्मचरित्रात लिहिलंय. मी नातवाला म्हटलं, "बघ, तुमच्या राष्ट्रगीतात आमच्या कर्नाटकातला दारूगोळा आहे." तो म्हणाला, "कूल!" आणि तोफेवर चढायला गेला.

तटावरून समुद्राकडे पाहिलं तर क्षितिजाला एक खिंडार दिसलं. तिथे फ्रान्सिस स्कॉट की पूल होता. २०२४ च्या मार्चमध्ये एक अजस्र मालवाहू जहाज खांबाला धडकलं आणि पूल पत्त्यांसारखा पाण्यात गेला. रात्रपाळीत रस्त्यावरचे खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले, मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून पोटासाठी आलेले. जहाजावरची बहुतेक माणसं आपली, भारतातली. ती कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून होती. ही बराच वेळ तिकडे बघत राहिली. "त्या पोरांच्या आया काय करत असतील तेव्हा," एवढंच म्हणाली. तोफांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी बेसबॉल. खेळ मला कळला नाही, कळेल असं वाटतही नाही. क्रिकेटमधली मजा काढून टाकून उरलेल्या वेळात जाहिराती भरल्या तर बेसबॉल होतो. पण बाल्टिमोरच्या मैदानात बाहेरचं खाणं न्यायला चालतं. हिने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. या एका गोष्टीसाठी मी बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाला शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. नव्याण्णव, म्हणतो, कारण एक घडला.

सामन्याआधी शाळकरी पोरगी राष्ट्रगीत म्हणायला आली. टोप्या उतरल्या, शांतता पसरली. दुपारचा सिनेमा मनात ताजा असल्यामुळे मी ताठ उभा. पोरगी सुरेख गात होती. आणि शेवटाकडे, एका ओळीच्या सुरुवातीला, चाळीसेक हजारांच्या मैदानातून एकच आरोळी उठली: "ओऽ!" माझा नातूसुद्धा, मान मागे टाकून. मी त्याचा दंड धरला. आपल्याकडे बावन्न सेकंद डोळ्याची पापणी हलवू नये अशी शिस्त. २००३ पासून महाराष्ट्रात थिएटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागू लागलं, तेव्हा पॉपकॉर्न चावणाऱ्यांकडे मी असा बघायचो की ते चावणं थांबवायचे. आणि इथे हा आरडाओरडा!

"आजोबा, तो ओरिओल्सचा ओ आहे. सगळेच ओरडतात."

जावयांनी मग सविस्तर सांगितलं. खेळाआधी राष्ट्रगीत ही प्रथाच मुळी युद्धातून आली. सप्टेंबर १९१८, पहिलं महायुद्ध, शिकागोत बेसबॉलच्या जागतिक मालिकेचा पहिला सामना, प्रेक्षक मरगळलेले. मध्यंतरासारख्या एका विश्रांतीत बँडने हे गाणं वाजवलं. नौदलातून रजेवर आलेला एक खेळाडू मैदानातच सलाम ठोकून उभा राहिला आणि लोक गाऊ लागले. तेव्हा हे गाणं अधिकृत राष्ट्रगीत नव्हतंच. तो कायदा १९३१ चा. म्हणजे संसदेच्या आधी मैदानाने ते राष्ट्रगीत केलं. मला वाटतं, म्हणूनच लोक त्याच्याशी इतक्या सलगीने वागतात. ते सरकारचं कमी आणि स्टेडियमचं जास्त. पण ही सलगी सर्वांना सारखी परवडत नाही. ओरडणाऱ्यांना कोणी काही बोलत नाही, आणि २०१६ मध्ये कॉलिन कॅपर्निक हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा खेळाडू काळ्यांवरच्या अन्यायाविरुद्ध गाणं चालू असताना मुकाट्याने गुडघ्यावर बसला, तर त्यानंतरच्या मोसमापासून त्याला कोणत्याही संघाने घेतलं नाही.

मध्येच पडद्यावर एक सैनिक दिसला. सगळे उभे, टाळ्यांचा कडकडाट. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरटी एक तरी माणूस सैन्यात, त्यामुळे मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. जावई हळूच म्हणाले, "या सन्मानांसाठी संरक्षण खातं संघांना पैसे द्यायचं. २०१५ मध्ये दोन सिनेटरांनी अहवाल काढला होता, किमान ६८ लाख डॉलर." मी खाली बसलो. सैनिक खरा, टाळ्या खऱ्या, पण कुठेतरी पुन्हा कोणीतरी पडदा ओढतंय. हा सन्मान फुकटातला होता की जाहिरातीतला, कोणास ठाऊक. जावयांनी ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

ओरिओल्स हरले. परतीची वाट बंदराखालच्या बोगद्यातून. "बाबा, आत्ता किल्ला आपल्या शेजारीच आहे, आपण पाण्याखाली आहोत," जावई म्हणाले. पूल पडल्यापासून सगळी वाहतूक बोगद्यांवर आलीय, गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. नातू झोपला होता.

"काय गं," मी हिला विचारलं, "तो ओ झाला तेव्हा माझ्या डाव्या कानाशीही एक आवाज आला. डावीकडे तूच होतीस."

ही खिडकीबाहेरच्या पिवळ्या टाइल्सकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, आरती संपत आली."