जबाबातलं एक वाक्य

आमचं बिछायत केंद्र आहे, वडिलांपासूनचं. लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, शंकरपट, गावात काही असलं की मंडप आमचाच. मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावात रात्रीच्या फुटबॉल टूर्नामेंटचं काम घेतलं. कोळसा खाणीच्या पट्ट्यात फुटबॉलचं वेड जुनंच, त्यात फायनलला कामठीची टीम येणार म्हटल्यावर खेड्याखेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून पब्लिक आलं.

परवानगीच्या नकाशात तीन गेट होते. दुपारी समितीचा माणूस आला न म्हणे, भाऊ मागचे दोन बंद कर, पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या आहे. मी म्हटलं, मॅच सुटल्यावर लोकं निघतील कुठून? बंदोबस्ताचे साहेब बाजूलेच उभे होते, ते म्हणाले कर ना, काही होत नाही. मी बल्ल्या आडव्या बांधल्या. माझ्याच हातानं बांधल्या, हे अजूनही मनातून जात नाही.

पेनल्टीवर मॅच संपली आणि सगळं मैदान त्या एका दहा फुटी गेटवर गेलं. मागच्याले समोरचं दिसत नाही, तो लोटतच राहतो. बायांचं ओरडणं ऐकलं, "लेकरू आहे हो खाली", तसा मी मागे धावलो, विळ्यानं सुतळ्या तोडल्या, कनात फाडली न लोकं इकडून काढले. जीव कोणाचा गेला नाही पण एका नऊ वर्षांच्या पोराचा हात मोडला, दहा-बारा जण ग्रामीण रुग्णालयात.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं तर माझा जबाब टाइप करून तयार! पब्लिकनं दारू पिऊन कनात फाडली, असं त्यात. मी म्हटलं साहेब, कनात मी फाडली, न गेट कोणाच्या सांगण्यावरून बंद होते तेही लिहा. "काऊन डोक्याले ताप करून घेतोस, उद्या येऊन सही कर."

रात्री भाच्याले सांगितलं. तो लिव्हरपूलचा फॅन, म्हणे मामा हे तर हिल्सबरो झालं. मग त्यानं सगळं वाचून दाखवलं. 15 एप्रिल 1989, इंग्लंडमधलं शेफील्ड, तिथलं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल. बाहेर गर्दी दाटली म्हणून पोलिसांच्याच हुकमानं गेट उघडलं, पण आतला बोगदा बंद केला नाही, लोकं सरळ मधल्या भरलेल्या पिंजऱ्यांत, म्हणजे उभ्यानं मॅच पाहायच्या कप्प्यांत गेले, समोर जाळी. 97 माणसं गेली. आणि पोलिस अधिकारी सांगत होता की गेट पब्लिकनं तोडलं! दारूचा ठपकाही आलाच. 2012 मध्ये स्वतंत्र पॅनेलनं दाखवलं की पोलिसांच्या 164 जबाबांत फेरफार झाले होते, त्यातल्या 116 मधून पोलिसांवर बोट ठेवणारी वाक्यं काढलेली किंवा बदललेली. 2016 मध्ये ज्युरीनं म्हटलं, प्रेक्षकांची चूक नव्हती, हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडवलेले आहेत. 27 वर्षं मायबाप भांडत राहिले, मेलेल्या पोरांवरचा डाग पुसायले.

मले झोप नाही आली. एक वाक्य काढलं की दोष पोराच्या बापावर, की लेकरू गर्दीत नेलंच काऊन.

सकाळी ठाण्यात जाऊन जबाब माझ्या हातानं लिहिला, गेट कोणी बंद करायले लावले ते नावासकट, पोच घेतली. पोराच्या बापाले घेऊन माहितीच्या अधिकारात त्या नकाशाची नक्कलही मागितली. चौकशी सुरू आहे म्हणतात, माझं बिल मात्र समितीनं अडकवून ठेवलं आहे. यंदाच्या टूर्नामेंटवाले परवा विचारायले आले होते. मी म्हटलं मंडप टाकतो, पण एकही गेट बंद करायचं असेल तर लेखी द्या, खाली ठाण्याचा शिक्का पाहिजे.