गंधाराचा सांधा

माझ्या आवाजाला एक जोड आहे आणि तो नेमका कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, तार षड्जापर्यंत, वरच्या सापर्यंत, माझं बरं चाललेलं असतं. रिषभ मी भुवया उंचावून, टाचा उचलून गाठतो. गंधार आला की कापड टरकावल्यासारखा आवाज होतो आणि पलीकडून जो कोणी गायला लागतो तो मी नसतोच. पातळ, घाबरट, बिनओळखीचा माणूस. आतल्या खोलीतून मुलगी विचारते, "बाबा, आलं वाटतं?"

गळ्यात एकच यंत्र असताना त्यातून दोन माणसं कशी निघतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. छातीचा आवाज छातीत असतो आणि डोक्याचा डोक्यात, असं मी खुशाल समजून चाललो होतो. छाती थरथरते, टाळू झणझणते, हे खरंच; पण ते नुसते पडसाद. आवाज दोन्ही वेळा निघतो तो कंठातल्या त्याच दोन छोट्या पडद्यांतून. पुरुषाचे असले तरी ते जेमतेम दोन सेंटिमीटरचे. खालच्या स्वरात ते आखूड, जाडजूड असतात आणि एकमेकांवर चांगले अंगभर आपटतात. वर जाताना ताणून लांब आणि पातळ होतात, आणि मग फक्त कडा कडेला लागते. जाड ठेवणारा स्नायू पडद्याच्या आतच असतो, ताणणारा बाहेर, पुढच्या बाजूला. माझ्या गंधाराला हे पडदे सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास वेळा मिटतात. आतला स्नायू तोवर हट्टाने धरून बसतो, ताण सोसेनासा झाला की एकदम सोडून देतो. तो सोडतो तो क्षण म्हणजे "आलं वाटतं."

हे पहिल्यांदा ज्याने जिवंत गळ्यात नीट पाहिलं तो डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. मान्युएल गार्सिया त्याचं नाव. 1854 मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि गाताना आपलेच पडदे हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती निरीक्षणं वाचली गेली. मी एकदा आरशासमोर आ करून बघितलं. पडजीभ दिसली.

त्यापेक्षा बोटाचा प्रयोग सोपा. कंठमण्याच्या जरा खाली बोट फिरवलं की एक बारीक आडवी खाच लागते. हळू आवाजात स्वर चढवत गेलं की ती मिटत जाते. बाहेरचा स्नायू पडदे ताणतोय, ते असं बोटाला कळतं. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला हे करायला लावलं तेव्हा खाच काही मिळेना, कारण रिषभालाच अख्खा कंठमणी बोटाखालून निसटून वर पळाला होता, घास गिळताना पळतो तसा. "तू गातोयस की गिळतोयस?" बाईंनी विचारलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

माझा उपाय तोवर एकच होता, जोर. जिथे फाटतं तिथे आणखी जोर लावायचा. रेटून रेटून जाड आवाज गंधारापर्यंत नेता येतो, क्वचित मध्यमापर्यंतही, पण तो गाण्यापेक्षा हाकेच्या जवळचा असतो आणि मग फुटतो तोही मोठ्याने. बाईंनी उलटं करायला लावलं. वरून सुरुवात कर, म्हणाल्या. पातळ आवाजात, तोंड बारीक करून, ऊकारात तार पंचम धर आणि मींडेने, स्वर न तोडता घसरत, खाली ये. मला लाज वाटली. तो घाबरट माणूस चारचौघांत मुद्दाम बाहेर काढायचा! पण खाली येताना गंमत झाली. गंधार आला आणि गेला, रिषभ गेला, षड्जापाशी आवाजाला आपोआप अंग भरलं, आणि शिवण कुठे होती ते माझं मलाच सापडेना. चढताना जिथे कडा होती तिथे उतरताना नुसता उतार होता.

आवाजाच्या या बदलाला गाडीच्या गिअरची उपमा बहुतेक सगळे देतात. मला ती पटत नाही. गिअर पडतो म्हणजे एक सुटतो आणि दुसरा लागतो, मध्ये रिकामी जागा असते. आवाजात ती रिकामी जागाच तर नको असते. मला आठवतं ते झोपलेलं तान्हं मूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देणं. घेणाऱ्याचे हात खाली पूर्ण गेल्याशिवाय देणारा आपले काढत नाही. काही क्षण भार दोघांवर असतो. आणि देणाऱ्याची तयारी आधीपासून चाललेली असते. गंधाराला पातळ व्हायचं तर पंचमापासूनच थोडं थोडं वजन सोडत यावं लागतं. इथेच मन आडवं येतं. पंचमाला आवाज छान भरलेला असतो, टाळी घेण्यासारखा. तिथे तो कमी करायचा म्हणजे हातातलं सोडून पळत्यापाठी लागल्यासारखं वाटतं.

स्वरवर्णाचंही तसंच. उघडा, ऐसपैस आकार सांध्यावर अडकतो. तो किंचित ओकाराकडे वळवला, ऐकणाऱ्याला आकारच वाटेल इतपत, की वाट मोकळी होते. ही तडजोड मला सुरुवातीला भेसळ वाटली. आता वाटत नाही.

रोजच्या रियाजात माझ्याकडे एक पेला आणि एक नळी असते. पेल्यात तीन-चार बोटं पाणी, नळीचं टोक जेमतेम बुडलेलं, आणि नळीतून गायचं. पाण्याचा दाब उलटा येतो, पडद्यांना कमी जोरात थरथरता येतं. पण मला त्याचा खरा उपयोग होतो तो चहाडी करायला. बुडबुडे एकसारखे येत असतात, बुड बुड बुड. सांधा आला की एक बुडबुडा चुकतो. कानाला कळलं नाही तरी पाण्याला कळतं. कधी चुकून मोठा येतो आणि चष्म्यावर उडतो.

मुलीला यातलं काही करावं लागत नाही, असं मला वाटायचं. ती काळी पाचमध्ये गाते (पुरुषाच्या गळ्यात हीच पट्टी काळी एकच्या खाली पडते), तार सप्तकात सहज जाते. एकदा पेटीवर बसून शोधलं तर तिचा मधला पंचम आणि माझा तार गंधार एकच पट्टी निघाली, पांढरी चार. बायकांच्या आवाजातला एक सांधाही याच भागात असतो. फक्त माझा छपराला आहे आणि तिचा घराच्या मधोमध. म्हणजे मला तो टाळून गाता येतं, तिला दर दोन मिनिटांनी ओलांडावा लागतो. ऐकलं तर खरंच, पंचमावर ती किंचित सावध होते. इतकी वर्षं एकाच घरात राहून मला ते ऐकू आलं नव्हतं.

काही लोक मात्र हा सांधा उघडा दाखवून त्यावरच नाचतात. आल्प्सच्या डोंगरातलं यॉडलिंग म्हणजे दुसरं काय? इकडून तिकडे टुणकन, आणि ती उडीच गाणं. किशोरकुमारांनी ती उडी अशी खेळवली की कुणाला ती चूक वाटली नाही. मीही एकदा माझ्या गंधाराला तसा मान द्यायचा प्रयत्न केला. घरच्यांनी हात जोडले.

परवा सकाळी मात्र घडलं. तानपुऱ्याचं ॲप लावलं, गायला बसलो. मंद्रातले, खालचे स्वर जरा जड वाटत होते, सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग चढत गेलो. पंचम, धैवत, निषाद, षड्ज, रिषभ, आणि गंधार असा लागला की जणू तो नेहमीच तिथे होता. ना फाटला, ना पातळ झाला, भुवयाही जागच्या जागी. तीनदा लावला. फोनवर रेकॉर्ड केला, कान देऊन ऐकला, जोड कुठेही नाही. मुलीला हाक मारली. ती दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग पुढे आली आणि माझा फोन उचलून पाहिला.

"बाबा, काल मी रियाज केला होता यावर," ती म्हणाली. "काळी पाच तशीच राहिलीय."