वारा नाही म्हणून उडी मारू नका

कोथरूडात बसून ॲपवर वारा नाही दिसला की आमचा ग्रुप शुक्रवारी रात्रीच मालवणला गाडी काढतो. पण शिनाणे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला उतरायचं तर आधी स्वेल, म्हणजे लांबून येणारी लाट, बघा ना! दोन लाटांमध्ये १४-१५ सेकंद दाखवत असेल तर पाणी वरून कितीही शांत दिसू दे, ती लाट लांबच्या वादळातून आलेली असते, तिची ओढ पार तळाला लागते, खडकावरचा हात सुटतो आणि पुढच्या लाटेला तुम्ही त्याच खडकावर, शिनाण्यांच्या धारेवर. आमचा मालवणचा मामा ॲपबिप बघतच नाही, खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकावर) उभा राहून बिडी संपेपर्यंत नुसता लाटा बघतो (बिडी वाईटच, पण ते असो), पाणी गढूळ दिसलं की सरळ घरी. इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा असेल तर विषयच संपला, गणेश पेठेच्या मासळी बाजारात जे मिळेल ते खा.