कांचनाबुरी: भिंतीवरची अकरा नावं आणि बाकीचे

बँकॉकबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मॉल, मसाज, पुन्हा मॉल. बँकॉकच्या पश्चिमेच्या कांचनाबुरी या गावाला मात्र माझ्या हट्टापायी गेलो.

थोनबुरी स्टेशनवरून सकाळची गाडी. परदेशी माणसाला सरसकट १०० बाट, जवळ उतरा नाहीतर लांब. लाकडी बाकांवर पाठीचं भजं होतं. नवरा तेव्हापासून जो रुसला तो संध्याकाळपर्यंत. क्वाय नदीवरच्या पुलावर तर निव्वळ जत्रा भरलेली! गोल कमानींचे गाळे मूळचे, मधले दोन सरळ गाळे दुसऱ्या महायुद्धानंतर बसवलेले. बघायला दहा मिनिटं पुरतात.

खरा दिवस गेला हेलफायर पासमध्ये. जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझयातपर्यंत ४१५ किलोमीटर रेल्वे दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी आणि आशियाई मजूर यांच्याकडून टाकून घेतली. तो पूल त्यावरचाच, आणि ही त्यातली डोंगर फोडून काढलेली खिंड. वरच्या संग्रहालयात कानाला लावायचं यंत्र देतात. लाकडी जिन्याने खाली उतरायचं आणि ऐकत चालायचं. बोलणारे इथेच राबलेले युद्धकैदी, म्हातारपणी आठवणी सांगणारे. मला वाटलं होतं, रडारड असेल. तसलं काही नाही. गावाकडचे आजोबा विहीर कशी खणली ते सांगतात तसे हे सांगतात: एकाने लोखंडी सळई धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग. १९४३ च्या पावसाळ्यात जपान्यांना घाई झाली, मग दिवस-रात्र काम. रात्री मशालींच्या उजेडात हाडं निघालेली माणसं राबताना दिसायची, त्यावरूनच खिंडीचं हे नाव. कातळाला हात लावला तर सळईच्या गोल खाचा अजून बोटांना लागतात. मी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ तिथेच बसले. नवरा वर सावलीत.

या कैद्यांनी लिहूनही ठेवलं. एडवर्ड डनलॉप नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने छावणीत चोरून रोजनिशी ठेवली. जॅक चॉकर या ब्रिटिश सैनिकाने पायांवरच्या सडलेल्या जखमांची चित्रं काढली आणि बांबूच्या नळ्यांत दडवली. सापडली असती तर धडगत नव्हती. साठ हजारांवर युद्धकैद्यांपैकी बारा हजारांहून जास्त मेले, पण गावातल्या दफनभूमीत त्यांच्या सुमारे सात हजार कबरी आहेत, हिरवळ इतकी नेटकी की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा.

त्याच दफनभूमीच्या प्रवेशद्वारात भिंतीवर अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातली अकरा नावं आहेत. थायलंडमधल्या मुस्लिम कब्रस्तानांत पुरलेले हे सैनिक, तिथल्या कबरी राखता आल्या नाहीत म्हणून नावं इथे. बाहेरच्या गर्दीतलं कुणी तिकडे मान वळवून बघत नव्हतं, याचा मला उगीचच राग आला.

पण त्या अकरांना निदान भिंत मिळाली. या रेल्वेवर सर्वाधिक मेले ते आशियाई मजूर. मलायातल्या (म्हणजे आताच्या मलेशियातल्या) रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, ब्रह्मी, जावाचे लोक. आधी चांगल्या पगाराचं आमिष, मग सरळ धरपकड. काही जण बायकामुलांसकट आलेले. कैद्यांकडे स्वतःचे डॉक्टर होते, पाणी उकळूनच प्या म्हणून दटावणारे अधिकारी होते. मजुरांच्या वस्तीत कॉलरा शिरला की अडवायला कुणी नाही. किती मेले याचे नुसते अंदाज, कारण यादीच कुणी ठेवली नाही. खिंडीत कातळाच्या फटींत खोचलेले छोटे ऑस्ट्रेलियन झेंडे पाहिले. ते खोचायला घरची माणसं विमानाने येतात. या मजुरांच्या नातवंडांनी झेंडा आणायचा तर कुठला, आणि खोचायचा कुठे?

पुढच्या वेळी मलेशिया. रबराच्या मळ्यांतून परत आलेल्यांच्या आठवणी तिथल्या घरांत अजून कुणी सांगत असेल तर ऐकायच्या आहेत. नवऱ्याची अट एकच, हॉटेलला पोहण्याचा तलाव हवा.