आमची वाटचाल : नाना पेठेतली तीस वर्षं आणि एक रिकामी ओळ

१९९४ च्या दसऱ्याला नाना पेठेत एका स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या लाकडी माळ्यावर आम्ही पाटी लावली. काम एकच, जुनी गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली ते कागदावर आणून देणं. "म्हणजे आरटीओ एजंटच ना?" असं तेव्हा रोज कुणीतरी विचारायचं. एजंट गाडी पुढच्याच्या नावावर करून देतो. आम्ही मागे मागे जातो, पहिल्या मालकापर्यंत. हा फरक लोकांच्या गळी उतरवण्यातच पहिली दोन वर्षं गेली.

भागीदार होते भाऊसाहेब. आरटीओतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आरसी बुकावरचा शिक्का बघून ते दशक सांगायचे. शाई कशी फुटली आहे, सही टाकाची की बॉलपेनची, नोंद १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखालची की १ जुलै १९८९ ला लागू झालेल्या नव्या कायद्यानंतरची, हे सगळं त्यांच्या नजरेत बसलेलं होतं. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली. मधल्या एखाद्या मालकाचा पुरावा मिळाला नाही, तर फाइलमध्ये वर्ष लिहायचं आणि पुढची ओळ कोरी सोडायची. "असावेत", "समजते", "असे कळते" हे शब्द आमच्या फाइलमध्ये चालायचे नाहीत. आजही चालत नाहीत.

हत्यारं म्हणाल तर आमची पेटी अजून तीच आहे. पितळी तारेचा ब्रश, रॉकेल, जुन्या धोतराचे बोळे, बांबूची चपटी काडी, भिंग, टॉर्च, पातळ ट्रेसिंग पेपर आणि टूबी पेन्सिल. चेसिस नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या आकड्यांवर, कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की छाप उठते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ती छाप वाचायची कशी, ते फार थोड्यांना येतं. कारखान्यात पोलादी ठशाने ठोकलेला आकडा किती खोल आहे आणि दोन आकड्यांमधलं अंतर किती, यांना एक चाल असते. नंतर ठोकलेला नंबर त्या चालीत बसत नाही, आणि त्याच्या भोवती ग्राइंडर फिरवल्याची चकाकी किंवा खळगा राहतो. टॉर्च समोरून मारली तर तो दिसत नाही, पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरावी लागते. स्टीलचा ब्रश मात्र कधीही लावू नका. सत्तर वर्षांच्या गंजाखाली तग धरून राहिलेला आकडा दोन मिनिटांत पुसला जातो.

आमचं नाव झालं ते एका डुक्कर फियाटमुळे. १९९६ साली सांगलीहून एक डॉक्टर आले. त्यांच्या वडिलांनी पुण्यात शनिवार पेठेत असताना १९५८ साली कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट ११०० घेतली होती. १९६८ मध्ये विकली. कागद १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेलेले. हातात एकच फोटो होता, सगळं कुटुंब गाडीपुढे उभं. नंबरप्लेटवरचा शेवटचा आकडा नेमका पाच वर्षांच्या डॉक्टरसाहेबांच्या गुडघ्यामागे. म्हणजे शक्य नंबर दहा. भाऊसाहेबांनी रीतसर अर्ज केले, फी भरली, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओच्या इमारतीत ओळीने अकरा दिवस बसून रजिस्टरं पाहिली. सातव्या नंबरावर डॉक्टरांच्या वडिलांचं नाव निघालं, समोर चेसिस नंबर, आणि खाली निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या नावे ट्रान्सफर.

निपाणी म्हटल्यावर जाणकारांना अडचण कळली असेल. १९५६ पासून ते गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. एनओसी घेऊन गाडी तिकडे गेली की नंबर बदलला, आणि जुन्या नंबराने शोध घेणं संपलं. तिथून पुढे फक्त चेसिस नंबरचा आधार. विम्याच्या कागदांची आशा होती, पण १९७३ ला साधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा १०७ विमा कंपन्यांच्या चार झाल्या. आधी कोणती जुनी कंपनी ते शोधा, मग ती चारपैकी कुणात गेली ते शोधा. या कामाला चौदा महिने लागले. गाडी मिळाली गडहिंग्लजला, एका गुऱ्हाळाच्या आवारात, गोणपाटाखाली. डॅशबोर्डवर वडिलांनी गणपती बसवण्यासाठी पाडलेली दोन भोकं डॉक्टरसाहेबांनी बोटाने चाचपली आणि ते बराच वेळ गाडीत नुसते बसून राहिले. त्या फाइलमध्ये १९७१ ते १९७४ ही ओळ मात्र कोरी राहिली. व्यापाऱ्याने १९७१ ला गाडी विकली, १९७४ ला गडहिंग्लजमध्ये डुप्लिकेट आरसी निघाली. मधे कुणाकडे होती, त्याचा कागद नाही.

पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली. भाऊसाहेब २००८ ला गेले.

आणि मग २०११. मुंबईच्या एका व्यावसायिकाने जॅग्वार एक्सके १२० घ्यायची ठरवली, १९५२ ची, उघडी दोन सीटर. फाइल तयार केली होती आमच्याच धंद्यातल्या एका माणसाने. त्याचं नाव मी घेत नाही, पण धंद्यातल्यांना सांगायला नको. आठ दिवसांत पूर्ण इतिहास, अशी त्याची ख्याती. साठ पानं, गुळगुळीत कागद, एकही वर्ष रिकामं नाही. घेणाऱ्याला दुसरं मत हवं होतं म्हणून मला बोलावलं. मी बल्कहेडवरची, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या आडव्या पत्र्यावरची, नंबरांची पट्टी पाहिली. एक्सकेच्या पट्टीवर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चार नंबर असतात. आरसीशी चेसिस जुळला, इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरशी इंजिन जुळलं. खुद्द चेसिसच्या डाव्या दांड्यावर, इंजिनामागच्या फ्लायव्हीलच्या अंगाला, ठोकलेला नंबर पाहायचा राहिला. तिथे अंडरकोटचा, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून देतात त्या लेपाचा, जाड थर होता आणि विकणाऱ्याचा माणूस म्हणाला, "साहेब, कोटिंग आत्ताच केलंय, खरवडू नका." मी खरवडलं नाही आणि सही केली. भाऊसाहेब असते तर त्यांनी ती करू दिली नसती.

वर्षभराने इंग्लंडमधून एका मालकाचं पत्र आलं, की त्याच चेसिस नंबरची गाडी त्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे. मला वकिलाची नोटीस आली. ज्याने साठ पानं रचली तो सगळीकडे सांगत सुटला की शेवटची सही तर यांची आहे. हातातल्या अकरा फायलींपैकी आठ परत गेल्या. पाच महिन्यांचं भाडं थकलं. बुलेट विकली, एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायलो ते लोक जिन्यावरून वर येईनासे झाले. एकटे डॉक्टरसाहेब एसटीने सांगलीहून आले, तीन नव्या गाड्यांचे नंबर टेबलावर ठेवले आणि तिन्ही फायलींचे पैसे आगाऊ मोजून दिले.

मार्च २०१३ मध्ये मी त्या व्यावसायिकाची परवानगी काढून पेटी घेऊन मुंबईला गेलो. रॉकेल आणि बांबूची काडी, चार तास. थर निघाला, छाप उठली. पट्टीवरचा नंबर ६६ ने सुरू होत होता, चेसिसवरचा ६७ ने. एक्सके १२० मध्ये ६६ म्हणजे उजव्या बाजूचं स्टिअरिंग, ६७ म्हणजे डाव्या. मग बल्कहेडवर डावीकडे जुन्या स्टिअरिंगची बुजवलेली भोकंही दिसली, आणि ब्लॉकवर तिरकी टॉर्च धरल्यावर ग्राइंडरचा खळगाही. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून ६७ च्या नंबरवर प्रमाणपत्र मागवलं. त्या नंबरची गाडी कारखान्यातून अमेरिकेला रवाना झालेली होती. घेणाऱ्याने आमच्यावरचा दावा मागे घेतला आणि विकणाऱ्याला धरलं. मी माझी फी परत केली. साठ पानं रचणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. आज तो विंटेज रॅलीत पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसतो, आणि मला ते सलतं.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरमालिका मिळू लागली. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षं मुदत. त्यामुळे आठ दिवसांच्या फायलींना पुन्हा ऊत आलाय. जुनी गाडी घेणाऱ्यांना म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी चेसिसची छाप स्वतःच्या हाताने काढा. विकणारा खरवडू देत नसेल तर गाडी न घेता घरी परत या. स्मार्ट कार्ड आलं म्हणून जुनं आरसी बुक रद्दीत टाकू नका, त्या पिवळ्या पानांवरच गाडीचं आयुष्य आहे. गाडी विकलीत तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० ची प्रत मुलांना माहीत असेल अशा जागी ठेवा. आणि या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, आधी वर्षभर रजिस्टर वाचायला शिका, लॅपटॉप नंतर उघडा.

डॉक्टरसाहेब २०१९ ला गेले. फियाट आता त्यांची मुलगी चालवते, दर दसऱ्याला हार घालून आमच्या दारात आणते. गेल्या महिन्यात निपाणीहून त्या तंबाखू व्यापाऱ्याच्या नातवाचा फोन आला. वखार पाडताना खतावण्या निघाल्यात, १९७१ सालच्या एकीत गाडीच्या विक्रीची रक्कम आणि पुढे एक आडनाव आहे म्हणाला. फोटो पाठवतो म्हणत होता. मी नको म्हटलं. सोमवारी पहाटेच्या गाडीने मी आणि ती मुलगी निघतोय, पेटीतलं भिंग सोबत घेतलंय.