चार पट्ट्या, एक खोली आणि गुरुजी

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'शाळेचा इतिहास आणि आठवणी' असा लेख द्या, असा समितीचा निरोप आला. मी लिहायला बसले खरी, पण इतिहास काढला की गुरुजी आठवतात आणि गुरुजींबद्दल लिहू लागले की शाळेचा सगळा इतिहास आपोआप त्यात येतो. नव्या इमारतीबद्दल, कंपाउंडबद्दल, टीव्हीच्या वर्गाबद्दल बाकीचे लिहितीलच. मी त्या जुन्या दगडी खोलीबद्दल आणि गुरुजींबद्दलच लिहिते. त्यांचं नाव इथं वेगळं सांगायला नको. आपल्या वाडीत नुसतं 'गुरुजी' म्हटलं की कोण, हे आजही लहानथोर सगळ्यांना कळतं.

शाळा सुरू झाली ती स्कूल बोर्डाच्या काळात, देवळाच्या ओसरीवर. पुढं गावानं श्रमदान करून खोली बांधली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी बदलली, खोली तीच राहिली. माणदेशातल्या बहुतेक वाड्यांवर तेव्हा अशीच शाळा असे: पहिली ते चौथी, एक खोली, एक शिक्षक. त्यामागे मोठी परंपरा होती. इंग्रजी अमलाच्या आधीपासून पंतोजींच्या शाळा देवळात, ओसरीवर, कुणाच्या पडवीत भरत. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे घोकायचे, मोडी वाचायला शिकायचं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर, सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं, पुढं लोकल फंडातून, म्हणजे स्थानिक करातून, खेड्यांत शाळा निघाल्या. पण लहान गावात शिक्षक एकच राहिला. आमच्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी व्हॉलंटरी शाळांचं जाळं विणलं. ज्या वाड्यांवर सरकार पोचलं नव्हतं तिथं त्या शाळा पोचल्या. गुरुजी स्वतः अशाच एका शाळेत शिकलेले, मग फायनल म्हणजे सातवीची परीक्षा पास, मग शिक्षकाच्या प्रशिक्षणाचं पी.टी.सी. अध्यापक विद्यालयात मी हा इतिहास मुलींना शिकवायची, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर मला गुरुजींचाच चेहरा दिसायचा.

खोलीत चार तरटपट्ट्या असायच्या. पहिलीची दाराकडं, कारण लहान मुलांना सारखं बाहेर जायचं असतं. चौथीची फळ्यासमोर. मधे दुसरी आणि तिसरी. एका फळ्याचे खडूनं रेघ मारून दोन भाग केलेले, एकीकडं तिसरीची गणितं आणि दुसरीकडं चौथीचं शुद्धलेखन. बाहेरच्या लोकांना वाटायचं, एक मास्तर चार वर्ग कसे शिकवणार? पण गुरुजींचं वेळापत्रक मनात पक्कं असायचं. एका वर्गाला तोंडी शिकवायचं तेव्हा दुसऱ्याला लेखी काम, तिसऱ्याला पाठांतर, आणि पहिलीची मुलं चिंचोके मांडून बसलेली. परिपाठानंतरचा पहिला तास चौथीची मुलं पहिलीला गमभन गिरवून घ्यायची. त्या वेळी गुरुजी तिसरीकडं असायचे, पण कान चारी पट्ट्यांवर. चौथीतल्या कुणी 'ळ' उलटा काढून दाखवला, तर पाठमोरे असतानासुद्धा त्यांना कसं कळायचं, हे आम्हाला कधीच उमगलं नाही.

मी दुसरीत असतानाची एक गोष्ट सांगते. इतरांना ती फार किरकोळ वाटेल. चौथीचा इतिहास म्हणजे शिवरायांचा. गुरुजी आग्र्याहून सुटकेचा पाठ शिकवत होते. आम्हाला पाटीवर शुद्धलेखन दिलं होतं. माझी पाटी कोरी आणि कान पूर्ण आग्र्याला. पाठ संपला, गुरुजींनी चौथीला विचारलं, "वाटेत संभाजीराजांना कुठं ठेवलं?" चौथी गप्प. माझ्या तोंडून निघून गेलं, "मथुरेला." सगळी खोली माझ्याकडं वळून बघायला लागली. आता हातावर छडी बसणार म्हणून मी हात पुढं करूनच ठेवला. गुरुजी उठून आले, माझी कोरी पाटी बघितली. मग म्हणाले, "पोरी, शुद्धलेखन पुरं करायचं. आणि उद्यापासून तू कडेला बस, चौथीच्या बाजूला. कानावर पडतंय तर पडू दे."

एवढंच झालं. पण त्यानंतर गुरुजींनी जे केलं ते मला शिक्षिका झाल्यावर कळलं. त्यांनी 'कडेची जागा' माझ्या एकटीची ठेवली नाही. दर आठवड्याला पट्टीवरच्या जागा बदलायला लागल्या. वरच्या वर्गाला लागून असलेली जागा प्रत्येकाला मिळायची, हुशार असो वा नसो. आणि दुसऱ्या टोकाची जागा खालच्या वर्गाला लागून असायची. तिथं बसलेल्याला मागचं राहिलेलं पुन्हा ऐकता यायचं, आणि 'तू कच्चा आहेस' असं त्याला कुणी म्हणायचं नाही. आपल्या वाडीत मेंढपाळांची घरं बरीच. दिवाळी झाली की ती मुलं कळपामागं खाली उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. वेगवेगळ्या खोल्यांची शाळा असती तर ती मुलं नापास होऊन घरीच बसली असती. आमच्या खोलीत ती खालच्या टोकाला बसायची, महिना-दीड महिना मागचं ऐकायची आणि हळूहळू वर सरकायची. त्यातले दोघे पुढं शिक्षक झाले, एक एस.टी.त कंडक्टर झाला. या समारंभाला तिघेही येणार आहेत असं कळलं, फार आनंद झाला.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची ही रीत आपलीच आहे, हेही मला फार उशिरा वाचायला मिळालं. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली, आपल्या शाळेत मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केलं आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढं इंग्लंडात हजारो मुलं या पद्धतीनं शिकली, तिला 'मद्रास पद्धत' म्हणत. बेलचं नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आहे. आमच्या गुरुजींचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, पुरस्काराच्या कुठल्या यादीतही ते आलं नाही. म्हणून इथं तरी त्यांचं काम ठळकपणे नोंदवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, गरज पडली तर नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटू नये आणि गोरगरिबांत त्यांनी सहज मिसळावं, असं त्यांनी मागितलं होतं. हे वाचताना मी दर वर्षी थांबायची. गुरुजी सुगीत शाळा सुटल्यावर कुणाच्याही खळ्यावर मदतीला उभे असायचे. पोस्टाची शाखाही त्यांच्याकडंच होती. शाळेच्या पेटीशेजारी टपालाची पेटी, आणि मनिऑर्डर आली की म्हाताऱ्या शाळेच्या दारात येऊन बसायच्या. पत्र वाचून दाखवायचं काम ते चौथीच्या मुलांना द्यायचे. आमचं वाचन त्या पत्रांवर पक्कं झालं. १९७१ च्या जनगणनेत रात्री कंदील घेऊन ते वस्त्यांवर फिरले आणि सकाळी प्रार्थनेला हजर.

१९७२ चा दुष्काळ आला, तेव्हा मी चौथीत. आईबाप खडी फोडायला कामावर, घरी धाकटी भावंडं. मोठ्या मुलींची शाळा बंद व्हायची वेळ आली. गुरुजींनी घरोघर जाऊन सांगितलं, "कडेवरचं लेकरू घेऊन या, पण या." आणि खोलीत पाचवी पट्टी आली. त्या पट्टीवर रांगती, चालती सगळी भावंडं. सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचा पौष्टिक खाऊ, यायची तेव्हा आधी त्या पट्टीला. हजेरीपटात नसलेल्या त्या मुलांची नावंसुद्धा गुरुजींनी एका वहीत लिहिली होती आणि रोज हाका मारायचे. माझा धाकटा भाऊ त्या पट्टीवर बोलायला शिकला. आज तो तालुक्याला कृषी सहायक आहे. मी शाळा सोडली नाही, पुढं डी.एड., मग नोकरी करत बी.ए., एम.ए., एम.एड. केलं आणि अध्यापक विद्यालयातून प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. या सगळ्याच्या मागं ती पाचवी पट्टी आहे.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजना आली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, असं ठरलं. आपल्याला दुसरी खोली मिळाली, बाई मिळाल्या. ते हवंच होतं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे आता शिक्षण हक्क कायद्यातही आहे आणि ते योग्यच आहे. एका माणसाच्या जिवावर चार वर्ग सोडून देणं म्हणजे तो माणूस गुरुजींसारखा निघेल अशी आशा करत बसणं. पण खोल्या वाटल्या गेल्या आणि पट्ट्याही वाटल्या गेल्या, याचं मला वाईट वाटतं. बहुवर्ग अध्यापन ही आपल्याकडं अजूनही नाइलाजाची गोष्ट मानली जाते. मी माझ्या विद्यार्थिनींना ती रीत म्हणून शिकवली. सरावपाठाला त्यांना मुद्दाम लहान पटाच्या शाळांवर पाठवलं. काही जणी रडत गेल्या आणि दोन-दोन वर्ग एकत्र घेऊन आनंदानं परत आल्या.

२०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या जवळपास तेराशे शाळा बंद करायचं राज्यात ठरलं, तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते. आता समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करायचं, बोललं जातं. वाडीवरचं सहा वर्षांचं मूल मैलभर चालून किंवा गाडीत बसून जाईल, असं कागदावर लिहिणं सोपं आहे. मुलगी असेल तर घरचे पाठवतील का, मेंढपाळाचं मूल मधेच परत आलं तर त्याला कोण सामावून घेईल, हे कागद विचारत नाही. आपल्या वाडीचाही पट उतरतोय. जे पुण्या-मुंबईला आहेत त्यांची मुलं इथं येणार नाहीत, हे मला कळतं. पण जी घरं इथं आहेत त्यांनी तरी मुलं इथं घालावीत, एवढं मी या निमित्तानं हक्कानं सांगते.

आणखी एक. जुन्या दगडी खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढायचा, प्रस्ताव गेला आहे असं ऐकलं. छप्पर धोकादायक आहे हे खरं, पण भिंती चांगल्या आहेत. मी अभियंत्यांना घेऊन बघून आले. पत्रे आणि वासे बदलले तर ती खोली वाचनालय म्हणून वापरता येईल. माझा वाटा मी समितीकडं दिला आहे. बाकीच्या माजी विद्यार्थ्यांनी समारंभाच्या दिवशीच आपापला आकडा सांगावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी काम धरता येईल. दारावर गुरुजींचं पूर्ण नाव घालायचं आहे. त्यांचा फोटो कुणाकडं असेल तर आणावा. आमच्या चौथीच्या वर्गाचा फोटो काढलेलाच नव्हता.