लागलंय ना गं?

कुलूप लावलं की एकदा ओढून बघायचं, ही रीतच आहे. सगळेच ओढतात. आमच्यासारख्यांचं त्यापुढे सुरू होतं. ओढलं खरं, पण नीट लक्ष देऊन ओढलं का? म्हणून पुन्हा. तेवढ्यात जिन्यात कुणाची तरी चाहूल लागली, लक्ष उडालं, म्हणजे हे ओढणं काही धरायचं नाही. मग आणखी एकदा, जीव एकवटून. कुलपाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याची असेल, आणि ती रास्त असेल.

गॅसचं तर विचारूच नका. बटण बंद आहे हे डोळ्यांना दिसत असतं, तरी बोट लावून मी 'बंद' असं मोठ्याने म्हणतो. मोबाइलमध्ये कॅमेरा आला तेव्हा वाटलं, सुटलो! निघताना बटणांचा फोटो काढायचा आणि शंका आली की बघायचा. सुरुवातीला झकास चाललं. मग फोटो बघताना वाटायला लागलं, हा आजचाच आहे ना? तारीख-वेळ पाहिली, आजचाच. पण फोटो काढून वळताना खांद्यावरची पिशवी बटणाला घासली असेल तर? लोकांच्या मोबाइलमध्ये नातेवाइकांचे फोटो असतात. माझ्याकडे गॅसची बटणं आहेत, सकाळची, दुपारची, ट्यूबलाइटमधली.

बघणाऱ्याला हा विसरभोळेपणा वाटतो. पण आठवण शाबूत असते, उडतो तो तिच्यावरचा भरवसा. आणि गंमत म्हणजे तो तपासून तपासूनच उडतो. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या संशोधकांनी २००३ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या धडधाकट माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी काय तपासलं हे त्यांना बरोबर सांगता येत होतं, पण आठवण पुसट झाली होती आणि खात्री देताना ते कचरत होते. हे वाचून मला कोण आनंद झाला! म्हणजे कुणालाही शेगडीपाशी असं उभं करा, त्याचा मी होतो.

'मला ना, जरा ओसीडी आहे,' असं कौतुकाने सांगणारे भेटतात तेव्हा मी गप्प बसतो. ओसीडी म्हणजे मनात घर करून बसलेल्या शंकेपायी तेच तेच पुन्हा करायला लावणारा आजार. त्यांच्या कपाटात शर्ट रंगांप्रमाणे लावलेले असतात आणि ते लावताना त्यांना मजा येते. इथे मजेचा संबंध नाही. आपण करतोय तो वेडेपणा आहे हे कळत असतं आणि हात तरी कडीकडे जातो. अर्थात प्रत्येक सवयीला आजाराचं नाव देऊ नये. डॉक्टर साधारण असं बघतात, की दिवसातला तासाहून जास्त वेळ यात जातोय का, किंवा त्यापायी कामं अडतायत का, माणूस पिचतोय का. मी या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, ते दिवसावर अवलंबून असतं. इंग्रजीचा थोर कोशकार सॅम्युएल जॉन्सन दारातून जाताना पावलांचा हिशेब चुकला तर मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून चालत यायचा, असं त्याच्या मित्राने लिहून ठेवलंय. एवढा मोठा शब्दकोश त्याने त्यातूनच वेळ काढून केला, हे मी घरी दोन-तीनदा ऐकवलंय. परिणाम शून्य.

घरच्यांचा यात फार मोठा वाटा असतो, आणि तो प्रेमापोटी असतो. 'लागलंय ना गं?' असं मी विचारायचो आणि बायको म्हणायची, 'हो रे बाबा, लागलंय, चल.' तेवढ्यावर मी कोपऱ्यापर्यंत जायचो. तिथे पुन्हा विचारायचो. समुपदेशक बाईंनी नेमकं यावरच बोट ठेवलं. दिलासा मागणं हेही तपासणंच आहे म्हणाल्या, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी. उपचाराचं मूळ सूत्र लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेलं: ज्याची धास्ती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नेहमीचा विधी करायचा नाही. अस्वस्थता चढते, चढू द्यायची. तिला कशाचंही खाद्य मिळालं नाही की ती आपोआप उतरते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात छातीत धडधडतं, घर पेटलेलं स्वच्छ दिसतं, आणि शेजारची व्यक्ती निवांतपणे रस्ता बघत असते.

कारण आता ती 'हो' म्हणत नाही. तसं आमचं ठरलंय. 'लागलंय ना गं?' विचारलं की म्हणते, 'असेल किंवा नसेल.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतका भडकलो की कुलपाचं भानच राहिलं नाही. राग अजूनही येतो. पण तो ओसरेपर्यंत बस निघालेली असते आणि आम्ही दोघं आत असतो.